पुढे चाल मिळालेला रविवार

पहाटे ५

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि कॉलेज कुस्तीच्या कॉन्फरन्स स्पर्धांचा शेवटचा दिवस बऱ्याचदा नेमका त्याच रविवारी येतो. आधीच दमलेल्या पोरांच्या झोपेतला तासही असा जातो. हॉटेलच्या तळमजल्यावर बर्फाच्या मशिनपाशी मी पिशव्या भरत उभी आहे.

मी या संघाची अॅथलेटिक ट्रेनर. आपल्याकडे फिजिओ म्हणतील, पण काम त्याहून पसरलेलं आहे. घोटे, बोटं, गुडघे टेपनं बांधायचे. कान सुजला तर डॉक्टरांकडे न्यायचा. वजन उतरवताना पोरगं स्वतःला सुकवून घेत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं. डोक्याला मार लागला असेल तर ‘आज बस’ म्हणायचं. या शेवटच्या बाबतीत मुख्य प्रशिक्षकही माझा शब्द ओलांडू शकत नाही.

इथे पोरांना वजनगटानंच हाक मारतात. मीही तेच करते, नावं त्यांची त्यांच्यापाशी राहू देत. आमचा १५७ म्हणजे १५७ पौंडांचा, एकाहत्तर किलोचा. काल रात्री उपांत्य फेरीत तो हरला आणि त्याच कुस्तीत त्याचा उजवा खांदा मॅटवर आपटला. गळपट्टीचं हाड जिथे खांद्याला जुळतं तो सांधा ताणला गेलाय. फाटलेला नाही. मी रात्री तीनदा तपासला, आता चौथ्यांदा तपासायला चालले आहे.

हात डोक्यावर जातो. छातीसमोरून पलीकडे नेला की त्याचा श्वास अडकतो.

“किती दुखतंय?”

“खेळण्यापुरतं नाही,” तो म्हणतो. एकवीस वर्षांच्या मल्लाचं हे उत्तर मी कागदावर उतरवत नाही.

सकाळी ८

वजन. पहिलं सत्र दहाला. दुसऱ्या दिवशी एक पौंड जास्त चालतो, जेमतेम साडेचारशे ग्रॅम, पण त्या सवलतीमुळे रात्री पोटात चार घास जातात. काट्यावर चढायच्या आधी कातडीची तपासणी होते. नायटा, हर्पीस, पू धरलेला फोड, असलं काही दिसलं की मल्ल बाहेर. मॅटवर हे रोग अंगाला अंग लागून पसरतात, त्यामुळे इथे कुणी हुज्जत घालत नाही.

या खोलीतली शिस्त तीन पोरांच्या जिवावर आलेली आहे. १९९७ मध्ये, नोव्हेंबर-डिसेंबरच्या काही आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या कॉलेजांचे तीन मल्ल वजन उतरवता उतरवता मेले. त्यानंतर रबरी सूट आणि सॉना बंद झाले, वजन लढतीच्या जवळ आणलं गेलं, हंगामाच्या सुरुवातीला शरीरातलं पाणी तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायची पद्धत आली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. पोरांना शहाणपण शिकवून हे थांबलं नसतं. नियम बदलला, म्हणून पोरांचं वागणं बदललं.

सकाळी ९:१५

वॉर्म-अपच्या हॉलच्या कोपऱ्यात मुख्य प्रशिक्षक, मी आणि १५७. प्रशिक्षकाच्या हातात फोन आहे, फोनवर राष्ट्रीय क्रमवारी.

इथे गणित समजून घ्यावं लागेल. मार्चच्या उत्तरार्धातल्या राष्ट्रीय स्पर्धेत दहा वजनगट असतात, प्रत्येकात ३३ मल्ल, एकूण ३३०. यातल्या बहुतेक जागा कॉन्फरन्सना आधीच वाटून दिलेल्या असतात. वाटपाला तीन कसोट्या आहेत: जिंकण्याचं प्रमाण ७० टक्के, प्रशिक्षकांच्या मतांवरची क्रमवारी, आणि प्रतिस्पर्धी किती तगडे होते हे धरून काढलेली गणिती क्रमवारी. हंगामभरात मल्लानं यातल्या दोन गाठल्या की त्याच्या कॉन्फरन्सला त्या वजनात एक जागा मिळते. कॉन्फरन्सला, त्याला नाही. जागा त्याच्या घामानं आली तरी कॉन्फरन्स स्पर्धेत ती त्याला पुन्हा जिंकून घ्यावी लागते. ज्यांना तिथे जमत नाही त्यांच्यातले थोडे मल्ल निवड समिती उचलते. प्रत्येक वजनात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. समितीची यादी कॉन्फरन्स स्पर्धा संपल्यावर मंगळवारी लागते.

यंदा आमच्या कॉन्फरन्सला १५७ मध्ये चार थेट जागा आहेत. काल उपांत्य फेरीत हरलेले दोघे आज खालच्या बाजूनं वर आलेल्या दोघांशी लढतील. जिंकणारे दोघे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकासाठी, हरणारे पाचव्या-सहाव्यासाठी. म्हणजे आजची पहिली कुस्ती जिंकली की राष्ट्रीय स्पर्धा पक्की.

पण आमचा पोरगा देशात पहिल्या दहांत आहे. आज तो सहावा आला तरी समिती त्याला उचलणार, हे प्रशिक्षकाला माहीत आहे, पोराला माहीत आहे, समोरच्या संघालाही माहीत आहे.

“खांदा?” प्रशिक्षक मला विचारतो.

“टेप लावून खेळू शकतो. आज खेळला तर दहा-अकरा दिवसांत पूर्ण बरा होईल असं मी सांगू शकत नाही. नाही खेळला तर बहुधा होईल.”

“तू त्याला थांबवशील?”

“नाही. थांबवण्याइतकं झालेलं नाही.”

हे उत्तर मी विचार करून दिलंय आणि पुन्हा विचारलं तरी तेच देईन. प्रशिक्षक वाईट माणूस नाही. तो पोराकडे बघतो, पोरगं बुटांकडे. चार वर्षं या पोरानं पहाटे उठून जे केलं ते राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठांत येण्यासाठी, ऑल-अमेरिकन म्हणवून घेण्यासाठी केलं. आजच्या कुस्तीतून त्याला मिळण्यासारखं काहीच नाही, गमावण्यासारखा मात्र एक खांदा आहे.

“राहू दे,” प्रशिक्षक म्हणतो आणि मुख्य टेबलाकडे चालू लागतो.

सकाळी १०:४०

पुकारा होतो. समोरचा मल्ल केव्हाचा तयार आहे. कानांवर हेडगिअर, अंगाला घाम, पायांची चुळबुळ. जानेवारीत आमच्या पोरानं याला मोठ्या फरकानं हरवलेलं. गेले दोन महिने हा त्या कुस्तीचा व्हिडिओ बघत बसला असणार, आमच्या पोराचा डावा पट कुठून निघतो, तो कधी वाकतो, कधी हात ढिला सोडतो, ते सगळं.

टेबलावरून जाहीर होतं: मेडिकल फोरफिट. म्हणजे दुखापतीच्या नावाखाली माघार, समोरच्याला पुढे चाल. पंच त्याला मॅटच्या मधोमध बोलावतो, मनगट धरून हात वर करतो. पाच सेकंदही लागत नाहीत. पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला निघालाय तो. त्याचे आईवडील प्रेक्षकांत उभे राहून टाळ्या वाजवतात, पण त्याला हसावं की नाही ते कळत नाही. तो आमच्या कोपऱ्याकडे बघतो. तिथे कुणीच नाही. मग हेडगिअर काढून तो मॅटवरून खाली उतरतो आणि भिंतीशी जाऊन पुन्हा उड्या मारायला लागतो. अंग तापवलेलं, ते कुठे तरी खर्ची पडायला हवं.

त्याच्याबद्दल माझ्या मनात कसलाच आकस नाही. पण आत्ता इथे काय घडलं ते नीट बघा. चार थेट जागांपैकी एक न लढता गेली. आमचा पोरगा आता पुढचीही कुस्ती सोडून सहावा येणार, म्हणून तो समितीच्या मोजक्या जागांतली एक घेणार. तो आज लढून जिंकला असता तर थेट जागा घेतली असती आणि समितीची ती जागा उरली असती. ती ज्याला मिळाली असती तो पोरगा या इमारतीत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात, दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, तो आज अतिरिक्त वेळेत एका गुणानं हरणार आहे. आमच्या खांद्याचा त्याच्याशी काही संबंध आहे, हे त्याला कधी कळणारही नाही.

‘हल्लीची पोरं नाजूक झालीत’ हा जो सूर दर मार्चमध्ये ऐकू येतो, तो मला चीड आणतो. आयोवाच्या स्पेन्सर लीचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट तुटलेले असताना त्यानं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्याला कुणी नाजूक म्हणू शकत नाही. २०२३ मध्ये टल्साला, चौथ्या विजेतेपदाच्या वाटेवर, उपांत्य फेरीत पर्ड्यूच्या मॅट रामोसनं त्याला कुस्ती संपायला एक सेकंद उरलेला असताना चितपट केलं. उरलेल्या कुस्त्या ली लढलाच नाही. सहावा क्रमांक लागला. लोक खूप बोलले. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ५७ किलोत रौप्य मिळवलं, अमन सेहरावतनं ज्या गटात भारतासाठी कांस्य आणलं त्याच गटात. तेव्हा तिसऱ्या क्रमांकानं त्याला काय दिलं असतं, हा प्रश्न टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारला. मल्ल कुस्तीला घाबरत नाहीत. ज्या कुस्तीला काही किंमत उरलेली नाही तिच्यासाठी शरीर पणाला लावायला ते तयार नाहीत. आणि किंमत ठेवायची की नाही, हे नियम लिहिणाऱ्यांच्या हातात आहे.

सकाळी ११:२०

आमचा १८४. साडेत्र्याऐंशी किलोचा, चौथ्या वर्षाला, राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड अजून न पाहिलेला. त्याच्याही वजनात चार जागा, त्याचीही तीच फेरी. जिंकला तर आत.

सात मिनिटांची कुस्ती. पहिली तीन मिनिटं दोघं मानेला मान लावून. दुसऱ्या भागात त्याच्या नाकातून रक्त येतं, मी कापूस घेऊन धावते, कुठे आहोत, किती गुण, असं त्याला विचारते. तो बरोबर सांगतो. तिसऱ्या भागात तो दुहेरी पटात शिरतो आणि तीन गुण मिळवतो. २०२३च्या हंगामापासून इथे असा ताबा मिळवला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात, त्यामुळे कुस्ती एका झटक्यात पालटते. शेवटच्या वीस सेकंदांत ती पुन्हा पालटते. तो एका गुणानं हरतो.

मॅटवरून उतरताना तो माझ्याजवळून जातो. मी काही बोलत नाही. बर्फाची पिशवी देते, ती तो धरून ठेवतो, लावत नाही.

आता त्याच्यापुढे पाचव्या क्रमांकाची कुस्ती आहे. पाचव्याला थेट जागा नाही. पण समोर येणारा मल्ल क्रमवारीत त्याच्या बराच वर आहे. त्याला हरवलं तर मंगळवारी समितीपुढे दाखवायला एक मोठा विजय हाताशी येईल. समिती आपापसातल्या लढती बघते, तगड्या मल्लांवरचे विजय बघते, क्रमवारी बघते. त्याला ही एक कुस्ती हवी आहे.

दुपारी १२:३०

बेगल, शेंगदाण्याचं लोणी, केळी. कराडला रात्रीचे अकरा वाजलेत, तरी तात्यांचा फोन येतो. माझे चुलते. कुस्तीचं काहीही असलं की त्यांना झोप लागत नाही.

“लागली का गं कुस्ती त्या तुझ्या पोराची?”

“नाही तात्या. खांदा दुखावलाय. पुढे चाल दिली.”

“आन् तरी मोठ्या स्पर्धेला जाणार?”

“जाणार.”

तात्या थोडा वेळ गप्प. “मग जो पोरगा लढून हरला, त्यानं काय करायचं?”

हाच प्रश्न, आणि तो त्यांनी एका दमात विचारला. आमच्या कराडात हा प्रश्न जुना आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत डावललं गेलं तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी चितपट जिंकली. त्यांची जागा कागदावरून नाही, मॅटवरून आली. आणि त्याच हेलसिंकीत, जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल ममदबेयोवपुढे उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती नियमातच होती, पण ती मागायला तिथे आपला कुणी अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यावर थांबले. त्याआधी १९४८ला लंडनमध्ये त्यांना तयार करणारा रीस गार्डनर हा अमेरिकन होता, हेही तात्या मला दर खेपेला सांगतात.

त्या एका माणसाच्या गोष्टीत दोन्ही मागण्या आहेत. जागा लढून ठरावी, आणि लढणाऱ्याच्या शरीराला त्याचा हक्काचा श्वास मिळावा. माझं काम या दोहोंच्या मधोमध आहे. दोन्ही गोष्टी एकाच नियमात बसवता येतात, असं मी मानते.

दुपारी ३

क्रमांकांच्या कुस्त्या. मी १८४चं नाक पुन्हा तपासते, बोटं बांधते. तो गेला पाऊण तास अंग तापवतोय. पुकारा होतो.

मेडिकल फोरफिट.

पंच त्याचा हात वर करतो. पाचवा क्रमांक. समोरच्या मल्लाला काय झालंय ते मला माहीत नाही. तो संघ माझा नाही, त्याच्या ट्रेनरनं काय पाहिलं ते त्यालाच ठाऊक, आणि सकाळी आम्ही जे केलं तेच आता त्यांनी केलं. त्या मल्लाची जागा पक्की आहे. आमच्या पोराच्या हातात मात्र पाचवा क्रमांक आला आणि विजय आला नाही. समितीपुढे तो काय ठेवणार? सकाळी हरलेली कुस्ती, आणि दुपारी न झालेली.

प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहतो. दोघंही बराच वेळ हलत नाहीत.

अंतिम लढती सुरू होतात. मॅट एकच उरतो, दिवे मंद होतात, बँड वाजायला लागतो. आमचा १२५ उपविजेता ठरतो. छान लढला. बाकी पारितोषिक समारंभाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

संध्याकाळी ६:३०

बस. पुढच्या सीटवर लॅपटॉप उघडून मी दुखापतींचा अहवाल लिहिते. १५७च्या नावापुढे सांधा, ताण, हालचाल किती, दुखणं कुठे, सगळं खरं लिहिते. ‘खेळण्यास असमर्थ’ असं मी लिहीत नाही, कारण तो असमर्थ नव्हता. ‘प्रशिक्षकांच्या निर्णयाने माघार’ असं लिहिते.

माझ्या मते सगळा गुंता इथेच सुटू शकतो. आज माघार आणि दुखापत एकाच शब्दाखाली जातात. त्या वेगळ्या करा. ज्या पोराला खरंच थांबवायला हवं, त्याची तपासणी स्पर्धेच्या तटस्थ डॉक्टरनं करावी, संघाच्या ट्रेनरनं नाही. माझा पगार ज्या खात्यातून येतो त्याच खात्यातून प्रशिक्षकाचाही येतो, आणि हा भार कुणाच ट्रेनरवर असू नये. तटस्थ डॉक्टरनं ‘थांबा’ म्हटलं की त्या पोराचं काहीही बिघडू नये, क्रमवारीत नाही, मानांकनात नाही. बाकीच्यांना माघार घ्यायची मुभा असावी, पण ती राष्ट्रीय स्पर्धेतल्या मानांकनात ठळक दिसावी. मग सकाळी सव्वानऊच्या त्या कोपऱ्यात प्रशिक्षकाला तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काहीतरी दिसेल.

दुसरं, पुढे चालीनं थेट जागा मिळू नये. आज ज्याला थेट जागा चालून आली त्याच्यासमोर पाचव्या क्रमांकाच्या विजेत्याला उभं करावं. एक कुस्ती, पुरेशी विश्रांती देऊन, आणि त्यात जो जिंकेल तो जाईल. पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला चाललेल्या त्या सकाळच्या पोराला विचारलं तर तोही हीच कुस्ती मागेल अशी माझी खात्री आहे. त्या उड्या मी पाहिल्यात. अशा एका जादा कुस्तीचा भार भरून काढायला ज्या क्रमांकांना ना जागा आहे ना महत्त्व, त्यांच्या कुस्त्या काढून टाकाव्यात.

काहीजण म्हणतात, हंगामाच्या क्रमवारीवरच सगळे ३३ निवडा, कॉन्फरन्स स्पर्धा नुसती मानाची ठेवा. मला ते पटत नाही. क्रमवारी बनते मोठ्या संघांशी होणाऱ्या लढतींवर, आणि लहान कॉलेजच्या पोराला त्या लढती हिवाळाभर मिळतच नाहीत. त्याला मोठा मल्ल समोर मिळतो तो मार्चच्या या दोन दिवसांत. उलट, सगळं काही कॉन्फरन्स स्पर्धेवरच सोडलं तर चार महिने उत्तम लढलेला पोरगा एका तापाच्या सकाळी बाद होईल. आजची मिश्र पद्धत मुळात चांगली आहे. तिच्यातली भोकं बुजवायची आहेत.

हे सगळं मी पत्रात लिहिते. प्रशिक्षकांच्या संघटनेच्या नियम समितीला पाठवायचं आहे. आमच्या मुख्य प्रशिक्षकाला आधी दाखवते. तो वाचतो, बराच वेळ वाचतो.

“याने आज माझंच नुकसान झालं असतं,” तो म्हणतो.

“हो.”

“आणि १८४चं भलं.”

“कदाचित. कुस्ती झाली असती, एवढं नक्की.”

तो लॅपटॉप परत देतो आणि म्हणतो, माझीही सही घाल.

रात्री ९:४०

पोरं उतरतात. १५७ खांद्याला पट्टा लावून माझ्याबरोबर ट्रेनिंग रूममध्ये येतो. उद्या सातला त्याचा एमआरआय आहे, नंतर तीन दिवस नुसती हालचाल, गुरुवारपासून हलका ताण. दारातून जाताना तो विचारतो, “१८४चं नाव येईल का?”

फोनवर इतर कॉन्फरन्सचे निकाल आहेत. १८४ मध्ये आणखी दोन ठिकाणी वरच्या मल्लांनी माघार घेतलीय. दोघांनाही समितीच्या जागा लागतील. मी त्याला ते दाखवते. तो दोन्ही ड्रॉ शेवटपर्यंत वाचतो, मग १५७चा उघडायला सांगतो. एका दूरच्या कॉन्फरन्समध्ये एक पोरगा अतिरिक्त वेळेत हरून पाचवा आलाय. त्याच्या नावावर बोट ठेवून तो मला विचारतो, “माझ्यामुळे जाणारी जागा याची का?”

“बहुधा,” मी म्हणते.

तो ते नाव स्वतःच्या फोनमध्ये लिहून घेतो.